विझलेला स्फटिक

लोणारला पोचावं ते उजाडण्याच्या आधी. बुलढाणा जिल्ह्याचा हा मुलूख तसा सपाट. कपाशी आणि तुरीची शेतं, बांधावर एखादा निंब, काळ्या मातीत रुतलेली चाकोरी. गावाबाहेर जमीन हलकेच चढू लागते. अंधारात डोळ्यांना ते कळत नाही, पोटऱ्यांना कळतं. मग वारा बदलतो. समोरून, खालून, गार झुळूक येते, तिला खाराचा उग्र वास असतो, आणि आपण थांबतो. पुढे जमीन नाही.

उजेड फुटतो तेव्हा आधी पलीकडची कड दिसते. मग दोन्ही बाजूंनी ती कड वळत वळत आपल्या पायाशी येऊन मिळते. सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असा हा काळ्या कातळातला कटोरा. तळाशी हिरवट, न हलणारं पाणी. काठाच्या झाडीतून मोर ओरडतो आणि त्याची हाक भिंतींना लागून परत येते. मी तिथे पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मनात आलेला प्रश्न मला अजून आठवतो. हे कसं झालं, असा तो नव्हता. हे कुणी केलं, असा होता. वर्तुळ दिसलं की आपल्याला हात आठवतो. जातं, चाक, बांगडी, परात. आपल्या जगात इतकं गोल जे काही आहे ते कुणीतरी केलेलं आहे.

गावातल्या पूर्वजांनीही तोच प्रश्न विचारला होता. त्यांना मिळालेलं उत्तर सगळ्या पंचक्रोशीला पाठ आहे. लोणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखालच्या गुहेत राहायचा, वर मोठं झाकण ठेवून. विष्णूनं दैत्यसूदनाचं रूप घेतलं, पायाच्या अंगठ्यानं ते झाकण उडवलं आणि त्याला मारलं. सरोवराचं पाणी म्हणजे त्या दैत्याचं रक्त. आणि झाकण? ते नैर्ऋत्येला, इथून ३६ मैलांवरच्या ढाकेफळजवळ जाऊन पडलं. तिथली टेकडी ती हीच. जुन्या गॅझेटियरात ही कथा लिहून ठेवली आहे, आणि तिच्यासोबत एक बारीकशी नोंद आहे: त्या टेकडीचं माप या खड्ड्याशी जुळतं, असं लोक सांगतात.

त्या नोंदीपाशी मी दर वेळी रेंगाळते. कथा सांगणाऱ्याला मापाची काय गरज होती? दैत्य मेला, देव जिंकला, गोष्ट संपली. तरीही कुणीतरी मनातल्या मनात ती टेकडी उचलली, ३६ मैल उलटी आणली आणि खड्ड्यावर बसवून पाहिली. बसते का? आधी एक विलक्षण चित्र मनात उमटलं, आणि मग त्या चित्राला एक साधा, अंगाला झोंबणारा प्रश्न विचारला गेला. हे चित्र खरं असेल तर आणखी काय खरं असायला हवं? विज्ञानाची पद्धत म्हणून आपण जे शिकतो, शिकवतो, त्याचा गाभा एवढाच आहे. तो मला कुठल्या पाठ्यपुस्तकात इतका स्वच्छ दिसला नाही, जितका या झाकणाच्या गोष्टीत दिसला.

सरोवराचा खार फार पूर्वीपासून माणसांच्या उपयोगी पडत होता. ऐन-ए-अकबरीत लोणारची नोंद आहे ती काच आणि साबण करायला लागणाऱ्या द्रव्यांसाठी. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या जागेचं वर्णन केलं. पुढे भूवैज्ञानिक आले, त्यांनी भोवतालचा काळा पाषाण पाहिला. हा सारा दख्खन ज्वालामुखीच्या लाव्हारसानं बनलेला, थरावर थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्ह्याच्या देशात खड्डा दिसला तर तो ज्वालामुखीचाच असणार, हे अनुमान इतकं सरळ होतं की त्याबद्दल कुणाला दोष देववत नाही.

आता मला अमेरिकेतल्या एका माणसाबद्दल सांगायचं आहे. तो लोणारला कधी आला नाही, पण त्याच्या एका निबंधात लोणार आहे.

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले मुख्य भूवैज्ञानिक. १८९१ मध्ये त्यांच्या कानावर आलं की ॲरिझोनाच्या वाळवंटात कून ब्यूट नावाची एक टेकडी आहे; आत सव्वा किलोमीटर रुंदीचा खोल गोल खळगा आणि भोवताली विखुरलेले लोखंडी उल्कांचे तुकडे. गिल्बर्टना वाटलं, इथे आकाशातून एक तारा पडला असेल आणि तो जमिनीत गाडला गेला असेल. हे वाटणंच त्या काळात धाडसाचं होतं. पृथ्वीवरचा इतका मोठा खड्डा आकाशातून पडलेल्या वस्तूनं केला, हे मानायला फारसं कुणी तयार नव्हतं. गिल्बर्ट त्या ताऱ्याला शोधायला गेले.

जाताना त्यांनी आपल्या लाडक्या कल्पनेशेजारी दुसरी कल्पना मुद्दाम उभी केली: जमिनीखालच्या वाफेचा स्फोट. मग दोघींना विचारता येतील असे दोन प्रश्न घडवले. तारा खाली गाडलेला असेल तर तो जागा अडवून बसलेला असणार. म्हणजे कडेवर उकरून टाकलेली माती-दगड पुन्हा आत भरले तर खड्डा भरून वर काही उरायला हवं. आणि तो तारा लोखंडाचा आहे. म्हणजे होकायंत्राची सुई तिथे बिचकायला हवी. किती सुंदर प्रश्न आहेत हे! साध्या मोजपट्टीनं आणि चुंबकाच्या सुईनं जमिनीच्या पोटात डोकावण्याचे. त्यांनी त्या जागेचा बारकाईनं नकाशा केला. कडेचा माल भरला ८ कोटी २० लाख घनयार्ड. खड्ड्याची पोकळी भरली तितकीच. सुई जराही हलली नाही.

गिल्बर्टनी तारा सोडून दिला. स्वतःच्या हातानं.

१८९६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी या साऱ्यावर निबंध लिहिला. विषय होता, परिकल्पना येतात कुठून? त्यांचं म्हणणं असं की त्या साम्यातून येतात. समोरचं अनोळखी दृश्य पाहताना आपल्याला दुसरं कुठलं तरी ओळखीचं दृश्य आठवतं. त्याचं कारण इकडे लागू पडेल का, असं मन विचारतं. म्हणून ज्यानं निसर्ग पुष्कळ पाहिला आहे त्याच्याजवळ कल्पनाही पुष्कळ असतात. आणि कून ब्यूटसारखं दुसरं काय आहे, हे सांगताना त्यांच्या लेखणीनं अर्धी पृथ्वी ओलांडली आणि भारतातल्या लोणारचं नाव घेतलं. तेही लाव्ह्याच्या प्रदेशातलं, तेही गोल, त्याचीही कड उचललेली. लोणार वाफेच्या स्फोटाच्या बाजूनं साक्षीला उभं राहिलं.

मराठीत आपण हायपॉथिसिसला गृहीतक म्हणतो, आणि परिकल्पनाही म्हणतो. पहिल्या शब्दात माणूस काहीतरी धरून बसलेला दिसतो. दुसऱ्यात कल्पना उघड उघड नांदते. माझा कल दुसऱ्याकडे आहे.

गिल्बर्ट चुकले होते. कून ब्यूट हे उल्केचंच विवर आहे, आणि लोणारही. पण चूक कुठे झाली हे शोधायला गेलं की हात थरथरतो. मोजणी बरोबर होती. सुई खोटं बोलली नव्हती. प्रामाणिकपणात तर काडीचीही उणीव नव्हती. चूक त्या प्रश्नांच्याही आधी झाली होती, तारा पडतो म्हणजे काय होतं याच्या चित्रात.

लहानपणी पावसाळ्यात चिखलात दगड फेकला आहे? चिखल उडतो, खळगा होतो, आणि हात घातला तर आत दगड सापडतो. आपल्या सगळ्या अनुभवातले दगड मंद आहेत. गोफणीतला दगड, कड्यावरून सुटलेला धोंडा, तोफेचा गोळा, सगळे मंद. अवकाशातून येणारी वस्तू पृथ्वीला भेटते ती सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगानं, बहुधा त्याहून पुष्कळ जास्त. लोणारपासून मुंबई हवाई अंतरानं सुमारे ४०० किलोमीटर. त्या किमान वेगानं ती ३६ सेकंदांत येते. अशा वेगानं धडकलेला दगड दगड राहत नाही. त्याची सारी गती एका क्षणात उष्णता आणि धक्का होते, बराचसा भाग वितळतो, वाफ होऊन जातो, आणि जमीन स्फोटानं उघडते. म्हणून खड्डा गोल. उल्का तिरपी आली तरी बहुतेक वेळा गोलच, कारण तो दगडानं खणलेला नसतो, स्फोटानं उमललेला असतो. म्हणून खाली गाडलेला तारा नसतो. ॲरिझोनाचं ते सव्वा किलोमीटरचं विवर करणारं लोखंड जेमतेम ५० मीटरचं होतं, असा आजचा अंदाज आहे.

एका बाजूला गिल्बर्ट होते. दुसऱ्या बाजूला १९०३ पासून पंचवीस-सव्वीस वर्षं त्याच खड्ड्यात गाडलेलं लोखंड शोधत भोकं पाडणारे डॅनियल बॅरिंजर. उल्केबद्दल बॅरिंजर बरोबर होते. पण दोघांच्या मनातलं चित्र एकच होतं, चिखल आणि दगड. एकाला दगड सापडला नाही म्हणून त्यानं तारा नाकारला, दुसरा तारा मानत होता म्हणून दगड शोधत राहिला. वेगाचा खरा अर्थ तोवर थोड्यांच्याच मनात उतरला होता. १९१६ मध्ये अर्न्स्ट ओपिक या तरुण एस्टोनियन खगोलशास्त्रज्ञानं तो मांडला, १९२४ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधल्या एका शाळेतले शिक्षक ए. सी. गिफर्ड यांनी. दोघांची नजर चंद्रावर होती. चंद्राची विवरं इतकी गोल कशी, हा त्यांचा प्रश्न. आणि गिल्बर्टनीही १८९२ मध्ये वॉशिंग्टनच्या वेधशाळेत अठरा रात्री चंद्र पाहिला होता. तिथली विवरं आघातानंच झाली, असं त्यांनी ठामपणे लिहिलं होतं. जे चंद्रावर ओळखलं ते पायाखाली ओळखता आलं नाही. मला या माणसाबद्दल अपार आदर वाटतो. कितीही सर्वमान्य झालेला निष्कर्ष एखाद्या नव्या वस्तुस्थितीनं पुन्हा प्रश्नात येऊ शकतो, हे त्यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलं आहे.

परीक्षा कितीही कठोर असली तरी ती समोर बसलेल्यांचीच घेता येते. जी कल्पना वर्गात आलीच नाही तिला कोण तपासणार? कल्पना म्हणजे विज्ञानाची हौस, फुरसतीचा खेळ, खरं काम मोजणीचं, असं अजूनही आपल्याकडे मुलांना सांगतात. मला ते पटत नाही. मोजणीला काय मोजायचं हे कल्पनाच सांगते. आणि निसर्गाच्या मानानं आपली कल्पना नेहमी तोकडीच पडत आली आहे. दैत्य, झाकण, देवाचा अंगठा ही माणसाची सर्वांत भव्य चित्रं. पण एका क्षणात इथे जे घडलं त्याच्यापुढे तीही लहान आहेत.

लोणारची पाळी उशिरा आली. १९६४ मध्ये लाफाँड आणि रॉबर्ट डिट्झ या संशोधकांनी लोणारवर लेख लिहिला आणि ‘उल्काविवर’ या शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. मला ते प्रश्नचिन्ह फार आवडतं. मग तळ्याच्या तळाशी भोकं पाडली गेली, गाळाखालचा चुरा झालेला पाषाण वर आला, आणि १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांच्या ‘सायन्स’मधल्या लेखानं ते चिन्ह पुसलं.

पुसलं ते कशानं, हे मला एका स्नेह्यांच्या प्रयोगशाळेत बघायला मिळालं. दगडाचा काप घासत घासत इतका पातळ करतात की तो मिलिमीटरच्या तेहतिसाव्या भागाएवढा उरतो. मग दगडातून उजेड आरपार जातो. काचपट्टीवर चिकटवलेला तो काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. आधी त्यांनी साधा, कधी आघात न सोसलेला दख्खनचा काळा पाषाण दाखवला. दोन ध्रुवक, प्रकाशाचं एकाच दिशेचं कंपन पुढे सोडणारे, एकमेकांना आडवे लावल्यावर पाहते तर काळ्या दगडात केवढं घर! फेल्डस्पारचे लांबट, काडीसारखे स्फटिक आडवेतिडवे पसरलेले, प्रत्येकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, जणू सोलापुरी चादरीचा काठ. त्यांनी खालची चकती हळूहळू फिरवली. पट्ट्या बदलल्या, काळ्या पांढऱ्या झाल्या, पांढऱ्या विझल्या, पुन्हा उजळल्या. प्रत्येक काडी आपल्या पाळीनं उघडझाप करत होती.

मग त्यांनी लोणारचा काप ठेवला. त्याच काड्या. तेच लांबट आकार, त्याच धारदार कडा, एकही कोपरा झिजलेला नाही. त्यांनी चकती फिरवली. काहीच झालं नाही. पूर्ण फेरा झाला तरी काड्या काळ्याच राहिल्या.

ध्रुवक बाजूला केला की त्या पारदर्शक, निर्मळ दिसतात. आकार स्फटिकाचा, आत मात्र काच. लाव्ह्याच्या उष्णतेनं वितळला असता तर हा आकार राहिला नसता. वातावरणाच्या काही लाख पट दाबाचा धक्का क्षणभरासाठी त्यातून गेला, आणि अणूंची रांग वितळण्याची फुरसत न मिळता मोडून पडली. घर उभं राहिलं, आतले दिवे गेले. पृथ्वीवरचा कुठलाही ज्वालामुखी हे करू शकत नाही. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात, आणि तिची ओळख जगाला प्रथम झाली ती बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या उल्केत. तो दगड मंगळावरून आला असावा हे कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षं गेली.

मी किती वेळ त्या नळीला डोळा लावून होते, माहीत नाही. अंधार पुरावा होऊ शकतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. जे उजळायला हवं होतं ते उजळलं नाही, आणि त्या न उजळण्यातून एक तारा पडताना दिसला.

वय मात्र अजून स्थिरावलेलं नाही. विवर ५० ते ५२ हजार वर्षांपूर्वीचं, असं कितीतरी पुस्तकांतून आणि माहितीफलकांवरून आपण वाचत आलो. काचेतल्या साठलेल्या प्रकाशावरून काढलेला तो आकडा. २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून काढलेलं वय आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दहापटींहून जास्त! काहींना असं काही ऐकलं की विज्ञानावरचा विश्वास डळमळल्यासारखा वाटतो. माझा तर वाढतो. छापलेला आकडा पुन्हा उघडून पाहायची ज्यांना लाज वाटत नाही, त्यांच्या हाती हे सरोवर सुरक्षित आहे.

झाडीतून पायवाट खाली उतरते. निंब, सीताफळ, बाभळी. तळाशी कमळजादेवीचं देऊळ, आणि पाणी ओसरलं की काठाशी उघडी पडणारी सासू-सुनेची विहीर, जिच्या एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारट म्हणतात. वरून धारेचं गोडं पाणी पडतं आणि खाली, हाकेच्या अंतरावर, सामू दहाच्या आसपासचं खारं पाणी निजलेलं असतं. देवीपुढची चिमूटभर हळद मी तळहातावर घेतली आणि सरोवराचे दोन थेंब तिच्यावर टाकले. पिवळी हळद पाहता पाहता तांबडी झाली. हळद आणि खार भेटले की कुंकू होतं, हे माझ्या आजीला ठाऊक होतं. या पाण्यानं ते पुन्हा करून दाखवलं. २०२० च्या जूनमध्ये तर सगळं सरोवरच गुलाबी झालं. लाल शैवालामुळे झालं असावं, अशी पहिली अटकळ होती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं तेव्हा निघाले मीठ मानवणारे सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया. अटकळ बदलली. पुढे रंगही ओसरला.

परत वर चढताना ऊन पाठीवर आलं होतं. कडेवरच्या मातीत, नांगराच्या तासांत, ओढ्याच्या कोरड्या पात्रात तो तारा पडला त्या दिवशीचे दगड अजून पडलेले आहेत, कुठे कुठे काचेचे काळे मणीही. १९७९ मध्ये या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलं गेलं. तरीही आठवण म्हणून खिशात खडा टाकून नेणारे मी पाहिले आहेत, आणि नेणाऱ्यांच्या मनात प्रेमच असतं, हेही मला कळतं. पण आपण अजून विचारलाच नाही असा एखादा प्रश्न उद्या कुणी मुलगी इथे येऊन विचारील, आणि त्याचं उत्तर ज्या दगडात आहे तो जागेवर असायला हवा. म्हणून तुम्ही लोणारला जाल तेव्हा दगड जरूर उचला, उन्हात धरून नीट पाहा, आणि जिथे होता तिथेच ठेवा.